मौसाजींची फिकर

तापीच्या दोन्ही काठांवर मिळून आमच्या मौसाजींइतका मन लावून घाबरणारा माणूस आजवर झालेला नाही, असं मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगू शकतो. घाबरट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. केळीवाल्यांना ठिबकच्या नळ्या विकण्याचा माझा धंदा आहे, आणि मे महिन्यात आभाळ जरा पिवळं झालं की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे मला बघवत नाहीत. पण ही माणसं कारण असलं की घाबरतात. मौसाजींना कारण लागत नसे. ते नंतर सापडलं तर बरंच, नाहीच सापडलं तर त्याचीही काळजी, की एवढं मोठं कारण आपल्या नजरेतून निसटलं कसं.

मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुण्या-नाशकाकडे मी त्यांना काका म्हटलं असतं, पण बुऱ्हाणपुरातल्या आम्हा मराठी घरांत निम्मी नाती हिंदीतून आलेली, त्यामुळे मावशी मावशीच राहिली आणि तिचे यजमान मौसाजी झाले. त्यांचा सगळा जन्म नेपानगरच्या कागद गिरणीत गेला. यंत्रावरून कागदाचा रुंद पट्टा सारखा धावत असतो आणि तो मध्येच तुटला की सगळं थांबवून पुन्हा ओढून घ्यावा लागतो. त्या पट्ट्यावर नजर ठेवणं हे मौसाजींचं काम. आता तुटेल, मग तुटेल, असं दिवसभर वाटत राहण्याबद्दल पगार मिळणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. साहेब लोक त्यांच्यावर खूश असत. अडचण एवढीच होती की पाळी संपल्यावर ती नजर गिरणीत ठेवून घरी येणं त्यांना जमलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी बुऱ्हाणपूरच्याच लालबागेत घर बांधलं, तेही स्टेशन जवळ पडावं आणि गाडी चुकू नये म्हणून. तरीही गाडीच्या वेळेचा त्यांना कधी भरवसा वाटला नाही. एकदा एका लग्नासाठी भुसावळला निघालो, तर मौसाजींनी आम्हाला इतक्या आधी फलाटावर आणून बसवलं, की भुसावळचीच आधीची गाडी समोर उभी होती. मावशी म्हणाली, बसून घेऊ हिच्यातच. मौसाजींनी नकार दिला, कारण आपलं तिकीट हिचं नाही. ती गाडी आमच्या डोळ्यांदेखत रिकामी निघून गेली आणि मग आपली गाडी येईल की नाही, याची त्यांनी मनसोक्त काळजी केली. घरातला फोन वाजला की ते आधी खुंटीवरचा सदरा अंगात घालत, गळ्यापर्यंत बटणं लावत आणि मगच फोन उचलत. बातमी वाईट असली तर तसंच निघता यावं, हा विचार. तोवर फोन वाजायचा थांबलेला असे. त्यामुळे आम्हा सगळ्या नातेवाइकांना त्यांना दोनदा फोन लावायची सवय झाली होती, पहिला सदऱ्यासाठी आणि दुसरा बोलण्यासाठी. सहलीचं नाव काढलं तर ते आधी तिथे साप किती आहेत हे विचारत. घरापासून थोड्याच अंतरावर असीरगड आहे, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात, पण मौसाजींनी तो आयुष्यभर बसच्या खिडकीतूनच बघितला. वर बिबट्या असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्यानंही तो पाहिला नव्हता. मौसाजींना तेवढं पुरलं.

यावर मावशीकडे उतारा होता आणि तो तिच्या डोक्यात होता. तिला सगळं आठवत असे. कुणाच्या साखरपुड्याला कुठली भाजी केली होती, गिरणीच्या क्वार्टरात पाण्याचा नळ आला तेव्हा शेजारीण कुणाशी भांडत होती, कुठल्या उन्हाळ्यात कूलरची जाळी बदलली. मौसाजींच्या भावाची केळीची बाग होती, म्हणून ते खिडकीशी उभे राहून आभाळाकडे बघत म्हणायचे, "वारं सुटून राहिलं. भाऊची केळी आडवी होतील." मावशी पोळी लाटता लाटता सांगायची, की मागे एका मुंजीच्या आदल्या दिवशी याहून जोरात सुटलं होतं, तुम्ही ताट सारून उठला होता, आणि सकाळी भावजींचा निरोप आला की बांधावरची थोडी झाडं गेली, बाकी बाग उभी आहे. एवढं ऐकलं की मौसाजींचे खांदे खाली येत. ते पानावर बसत आणि नीट जेवत. दुसऱ्या दिवशी त्यांची नवी फिकर आणि तिची नवी आठवण. त्या घराचा संसार हा असा चालला होता आणि उत्तम चालला होता.

मग एकदा मौसाजींच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी पट्ट्या चिकटवून आलेख काढला आणि हृदय ठणठणीत आहे, तुम्ही टेन्शन घेता, असं सांगून घरी पाठवलं. मौसाजींना ते पटलं नाही. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, इंदूरला डॉक्टरकीच्या मुलांना शरीराचं कामकाज शिकवते. ती सुटीला आली तेव्हा दुपारच्या चहाला तिनं वडिलांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मीही तिथे होतो आणि ऐकता ऐकता माझाही चहा गार झाला.

तिचं म्हणणं असं, की आपण घाबरलो की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. त्यानं अंग धावपळीला तयार होतं. गरज असते तेव्हा हे चांगलंच. पण तो रस थांबवायलाही कुणीतरी लागतं. मेंदूच्या आत, दोन्ही अंगांना, आठवणी पक्क्या करणारा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. रक्तातून फिरत तो रस तिथे पोचला, की हा भाग ओळखतो की आता पुष्कळ झालं, आणि रस सोडायचा हुकूम जिथून निघतो तिथे निरोप पाठवतो, की आवरतं घ्या. ही जागा ओळखीची आहे, हा आवाज आपण आधी ऐकलाय आणि तेव्हा काही वाईट झालं नव्हतं, हेही बरंचसं तोच सांगतो. तो एकटाच हे करतो असं नाही, पण त्याचा हात मोठा.

"मतलब ब्रेक," मौसाजी म्हणाले.

ताई म्हणाली, तसंच समजा. मौसाजींनी थोडा विचार केला, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आपल्या घरातला ब्रेक तुझी आई आहे." आतून मावशीचा हसण्याचा आवाज आला.

इथे ताईनं थांबायला हवं होतं. पण शिकवण्याची सवय वाईट. ती पुढे म्हणाली, की वर्षानुवर्षं हा रस चढलेलाच राहिला, तर तो ब्रेकच झिजण्याची भीती असते. झालं. त्या दिवसापासून मौसाजींना आपण फिकर करतो याची फिकर लागली. केळीच्या काळजीत बुडालेले असताना ते मध्येच दचकून कानशिलावर तळवा ठेवत आणि म्हणत, "घोडा थकेल." दूधवाल्याला, न्हाव्याला, स्टेशनवरच्या हमालांना त्यांनी डोक्यातल्या घोड्याची माहिती दिली. चालणं आणि काही नवं शिकणं त्याला मानवतं, असं ताईच्या बोलण्यात आलं होतं, म्हणून ते रोज सकाळी तापीच्या घाटापर्यंत चालू लागले आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे उर्दू अक्षरं गिरवायला बसले. बुऱ्हाणपुरात निम्म्या दुकानांच्या पाट्या उर्दूत, इतकी वर्षं त्या नुसत्या दिसत होत्या, आता वाचता येतील म्हणून माणूस लहान मुलासारखा खूश. एके दिवशी बाजारात एक पाटी त्यांनी 'दावतखाना' अशी वाचली आणि भूक लागलीच होती म्हणून आत जाऊन बाकावर बसले. बाकीची मंडळी जरा मलूल दिसली, पण भुकेनं असतील असं त्यांना वाटलं. शेवटी एका वृद्ध हकीमसाहेबांनी त्यांना पुढे बोलावून नाडी धरली आणि फार जोरात चालली आहे, जरा फिकर कमी करा, असं सांगितलं. पाटीवर 'दवाखाना' होतं. हे मावशीनं पुढे इतक्यांदा सांगितलं, की ऐकणारे तिच्याआधी हसू लागत.

ते सांगताना ती एकदा अडखळली. मौसाजी कुठल्या दुकानात शिरले होते, ते तिला आठवेना. आम्ही हसत सांगून टाकलं आणि विसरलो. मौसाजी विसरले नाहीत. मग एका दुपारी ते खिडकीशी उभे राहून वाऱ्याबद्दल बोलले, आणि मावशीनं लाटणं हातात धरून "मागे एकदा" एवढंच म्हटलं. ते वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं तिनंच त्यांना विचारलं, "मागे काय झालं होतं हो?"

उभ्या आयुष्यात ज्या माणसानं आपली एकही काळजी गल्लीपासून लपवली नाही, त्यानं ही काळजी सगळा पावसाळा कुणाला सांगितली नाही. मलाही पुढे कधीतरी कळलं. दिवाळीला ताई आली, तेव्हा मावशीनं चकल्यांचं पीठ दोनदा भिजवलं आणि मग ते कुणी भिजवलं म्हणून रडली. ताईनं तिला इंदूरला नेलं, तपासण्या झाल्या, मेंदूची चित्रं निघाली. तशी चित्रं ताई वर्गात मुलांना दाखवत आली होती. त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला. म्हणाली, की आईचा समुद्रघोडा आक्रसलाय, आणि यावर परत फिरायचा रस्ता नाही.

विसरण्याचं आम्ही सोसलं असतं. पण विसरण्यामागून भीती आली. कुकरची शिट्टी झाली की मावशी भिंतीला पाठ लावून उभी राही. रोज ऐकलेला गाडीचा भोंगा तिला नव्यानं ऐकू येई. दोरीवर वाळत घातलेलं धोतर हललं की कुणी माणूस आत आला म्हणे. ज्या बाईनं आख्खं घर धीरानं सांभाळलं, ती आपल्याच अंगणात मुठी आवळून बसे, आणि एकदा घाबरली की तासन्‌तास तिची थरथर थांबत नसे. ताईनं सांगितलेलं मला तेव्हा नीट कळलं. निरोप पाठवणारंच उरलं नव्हतं.

आता मौसाजींचं कसं होणार, हा आम्हा सगळ्यांपुढचा प्रश्न होता. ताईनं ठरवून टाकलं, की दोघांना इंदूरला न्यायचं. तिचं घर मोठं, इमारतीला लिफ्ट, देखभालीला बाई ठेवता येईल. उन्हाळ्याच्या सुटीत ती गाडी घेऊन आली आणि मी सामान उचलायला गेलो. कपड्यांच्या पिशव्या भरून झाल्या, तेव्हा मौसाजी म्हणाले की आम्ही येत नाही.

त्यांनी मुलीला कशाला नाही म्हटलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की मावशीला आता नवं काही लक्षात राहत नाही, पण हे अंगण, ही मोरी, चुलीकडे जायचा रस्ता अजून पायांना माहीत आहे. तिथे वरच्या मजल्यावर रोज सकाळी उठून तिला नवं घर दिसेल आणि ती रोज नव्यानं घाबरेल. "हे तूच शिकवलं मला," ते म्हणाले. ताई चिडली. प्रवासानं थकली होती आणि आईच्या दुखण्यानं आतून मोडली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तुमचीच भीती सांभाळता येत नाही. तुम्ही आईला काय सांभाळणार?" मौसाजी भरलेल्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. मला वाटतं, त्यांनाही तो प्रश्न पटलेला होता.

त्याच दुपारी वादळ आलं. आमच्याकडे उन्हाळ्यात येतं तसं, आधी सगळं पिवळं, मग धूळ, मग कुणाच्या तरी छपराचा पत्रा खडखडत गल्लीतून गेला. वीज गेली, मागचं दार आपटलं आणि मावशी ओरडली. ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली, तिला घरी जायचं होतं, हे घर तिचं नव्हतं, आम्ही कोण तेही तिला कळत नव्हतं. ताईनं तिला जवळ घेतलं, समजावलं, की आई, नुसतं वारं आहे. मावशी आणखीच थरथरायला लागली. ताईनं तिचं मनगट धरलं तर नाडी धावत होती. मी मौसाजींकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता हेही कोपऱ्यात जाऊन बसतात.

मौसाजी मावशीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. पत्रा पुन्हा कुठेतरी आदळला. ते अगदी निवांत आवाजात म्हणाले, "असीरगडावर याहून मोठं वारं होतं बुवा."

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. ते सांगत गेले. आपण गड चढत होतो, ताई कडेवर होती, निम्म्या वाटेवर असंच अंधारून आलं. तुझी एक चप्पल उडून दरीत गेली. मग एका शेळ्यावाल्या बाईनं आपल्याला तिच्या खोपटात घेतलं. तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला, तो तुला आवडला नाही, तरी तू तिचं मन राखायला सगळा प्यायलीस. शेळ्यांची दोन पिल्लं तुझ्या पदरावर झोपली होती.

"मग?" मावशीनं विचारलं.

मग काय, वारं गेलं, ऊन पडलं. त्या बाईनं तिच्या चपला तुला दिल्या, तुझ्या पायाला मोठ्या होत्या, तू फटक फटक वाजवत खाली उतरलीस, आणि ताई त्या आवाजाला हसत होती. घरी येऊन तू मुगाची खिचडी टाकलीस.

"तूप होतं?" मावशी म्हणाली.

"भरपूर," मौसाजी म्हणाले.

वारं थांबायच्या आतच मावशीच्या मुठी सुटल्या होत्या. ताई अजून मनगट धरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की नाडी खाली येत चालली आहे. थोड्या वेळानं मावशीला डुलकी लागली.

आम्ही ओसरीवर आलो. अंगणात निंबाच्या काड्यांचा खच पडला होता. ताईनं वडिलांना विचारलं, की असीरगडावर आपण कधी गेलो होतो, तिला काहीच आठवत नाही.

"गेलोच नाही ना," मौसाजी म्हणाले. "तुझी आई दरसाल म्हणायची. मीच जाऊ दिलं नाही."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. मावशीला पहिल्यांदा भीतीनं घेरलं तेव्हा त्यांनी खऱ्या आठवणी सांगून बघितल्या, पण त्या सांगताना मध्येच त्यांना त्या वेळची आपली घाबरगुंडी आठवे आणि आवाज कापे. तो कापरेपणा मावशीला लगेच कळे. म्हणून मग ते मनानं रचायला लागले. उभा जन्म पुढची संकटं रचण्यात गेला होता, आता ती मागे नेऊन ठेवायची आणि शेवट गोड करायचा, एवढंच. त्यांनी मावशीला समुद्र दाखवला होता, पुरातून नावेनं नेलं होतं, रात्रीच्या गाडीनं कुठल्या कुठे फिरवून आणलं होतं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बिघडे, कुणीतरी भलं माणूस भेटे, आणि दोघं सुखरूप घरी येऊन जेवत. मी विचारलं, मौसाजी, आत्ता तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली ना. पण दोघांनी एकाच वेळी घाबरून कसं चालेल?"

ताई पायरीवर बसून एकेक काडी गोळा करत होती. शास्त्राप्रमाणे हे कसं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही, ती म्हणाली. कदाचित गोष्टीपेक्षा आवाजाचाच गुण असेल, ओळखीच्या माणसाचा, शांत झालेला आवाज. मग ती उठली, आत गेली आणि भरलेल्या पिशव्यांतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. दिवसभरासाठी गल्लीतलीच एक ओळखीची बाई मदतीला लावली, आणि दर पंधरवड्याला स्वतः येऊ लागली. तिची गाडी खंडव्याच्या पुढे येईपर्यंत मौसाजी काय काय कल्पना करत असतील ते तेच जाणोत. पण मावशीसमोर ते करत नाहीत. तेवढ्यासाठी ते माझ्या दुकानावर येतात, नळ्यांच्या वेटोळ्यावर बसून सगळी फिकर माझ्यापाशी मोकळी करतात आणि हलके होऊन घरी जातात.

गेल्या महिन्यात दुपारकलती मी त्यांच्याकडे गेलो होतो. दोघं ओसरीवर बसली होती. मावशीला आता माणसं ओळखू येत नाहीत, मौसाजीही नाहीत. पण हा म्हातारा भला आहे आणि याच्याजवळ बसलं की बरं वाटतं, एवढं तिला कळतं. ते केळ सोलून तिला एकेक तुकडा देत होते आणि ती चवीनं खात होती. खाता खाता ती त्यांच्याकडे जरा सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, माझी तब्येत हल्ली ठीक नाही. काही ध्यानात राहत नाही. पण आमच्या ह्यांना सांगू नका. ते फार घाबरतात."

मौसाजींचा हात थांबला. मग त्यांनी पुढचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"नाही सांगत," ते म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. मी फाटकाची कडी काढली. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा मात्र इतका उजळला होता, की मी बघतच राहिलो.

"ऐकलं ना तू?" ते म्हणाले. "अजून माझीच फिकर करून राहिली ती."

आणि केळाचं साल हातात तसंच धरून ते लगबगीनं आत वळले.